सर्व्हर सावधान!

१० जुलै २०१९. मँचेस्टरला विश्वचषकाचा उपांत्य सामना आदल्या दिवशी पावसात अडकून दुसऱ्या दिवशी पुढे सुरू झाला होता. रोहित, राहुल आणि कोहली प्रत्येकी एक धाव काढून तंबूत परतले होते, जडेजाने मेलेल्या सामन्यात जीव आणला होता आणि सगळा देश धोनीकडे डोळे लावून बसला होता. तेवढ्यात न्यूझीलंडच्या गप्टिलने लांबून फेकलेला चेंडू थेट यष्टींवर बसला. धोनी धावबाद. कुणी कपाळावर हात मारला, कुणी रिमोट सोफ्यावर आपटला, कुणी ‘मी आधीच म्हणालो होतो’ हे राखून ठेवलेलं वाक्य बाहेर काढलं.

हा सामना फोनवर दाखवणाऱ्या हॉटस्टार ॲपच्या इंजिनीअरांना यातलं काहीच करायची सवड नव्हती. त्या सामन्यात त्यांच्याकडे एका वेळी २ कोटी ५३ लाख लोक येऊन बसले होते आणि धोनीची पाठ फिरताच ती गर्दी उठली. उठली म्हणजे काय, तर फोनवरचं ‘बॅक’ दाबून सामन्यातून बाहेर पडली.

आपल्याला वाटेल, बरंच झालं, गेली पीडा. पाहुणे गेले की यजमान पाय पसरून बसतो, तसा सर्व्हरही बसत असेल. तर तसं नाही. सामना चालू असताना व्हिडिओ आपल्या जवळपासच्या शहरांत ठेवलेल्या यंत्रांवरून येत असतो. मूळ ठिकाणच्या यंत्रांना त्याची फारशी झळ लागत नाही. पण ‘बॅक’ दाबलं की माणूस ॲपच्या पहिल्या पानावर येऊन पडतो आणि ते पान प्रत्येकासाठी वेगळं रचावं लागतं. हा कोण, याने पैसे भरलेत का, काल कुठली मालिका अर्धी सोडली, आज याच्यापुढे काय ठेवावं, असे ढीगभर प्रश्न मूळ यंत्रांना विचारले जातात. देश सुतकात, आणि ॲप प्रत्येकाला आस्थेने विचारतंय, ‘आता काय बघणार?’ तेही कोटींच्या संख्येने, एकाच मिनिटात.

गंमत म्हणजे पान कोसळलं नाही. कारण त्या मंडळींनी हे सगळं आधीच धरून ठेवलं होतं. लाखो खोटे प्रेक्षक तयार करून आपल्याच यंत्रणेवर सोडायचे आणि ती कुठे वाकते ते बघायचं, अशा तालमी झाल्या होत्या. नवं यंत्र सुरू होऊन कामाला लागेपर्यंत काही मिनिटं जातात आणि गर्दी तेवढी थांबत नाही, म्हणून जादा यंत्रं सामन्याआधीच लावून ठेवली होती. प्रसंग ओढवलाच तर शिफारशी बंद, नटवी पानं बंद, फक्त सामना चालू, अशी कळही तयार होती. धोनी बाद होईल ही शक्यता देशातल्या एकाही भाविकाने मनात आणली नसेल. या लोकांनी ती कागदावर मांडून तिच्यासाठी यंत्रं भाड्याने घेतली होती. पुढे २०२३च्या अहमदाबादच्या अंतिम सामन्यात हा आकडा ५ कोटी ९० लाखांवर गेला. तेव्हाही आपण हरलो. तेव्हाही ॲप चाललं. आपल्या क्रिकेटपेक्षा आपल्या सर्व्हरची मधली फळी भक्कम आहे, असा निष्कर्ष कुणी काढला तर मी वाद घालणार नाही.

एखादी मोठी ऑनलाइन सेवा बंद पडली की आपल्या डोळ्यांपुढे अंधाऱ्या खोलीत टोपडं ओढून बसलेला हॅकर येतो. तो असतोही. पण सेवा चालू ठेवणाऱ्यांना झोपेत जो शत्रू दिसतो, तो हॅकर नसतो. तो मी असतो. तुम्ही असता. आपण सगळे एकाच क्षणी एकच बटण दाबत असतो, आणि काही झालं नाही तर पुन्हा दाबत असतो.

हे पुन्हा दाबणं म्हणजे आपली राष्ट्रीय व्यायामपद्धती आहे. लिफ्टचं बटण आपण एकदा दाबत नाही. लाल दिवा लागलेला असतो, लिफ्ट चौथ्या मजल्यावरून निघालेली असते, तरी आलेला प्रत्येक माणूस आपल्या बोटाने नव्याने दाबतो. आधीच्याचं दाबणं त्याच्या लेखी दाबणंच नसतं. सिनेमाचं तिकीट, दहावीचा निकाल, तत्काळचं आरक्षण, सगळीकडे हेच. निकालाची वेळ दुपारी एकची जाहीर झाली की पावणेएकपासून आई, बाबा, आत्या आणि नागपूरचे काका असे चारजण चार फोनवरून एकाच मुलाचा बैठक क्रमांक घालत असतात. मुलगा पाचवा. निकाल एक, विचारणारे पाच, आणि प्रत्येकजण दर दहा सेकंदांनी.

मग यूपीआयचं काय होत असेल? मंडईत कोथिंबिरीच्या जुडीचे वीस रुपये आपण फोनवरून देतो, आणि लगेच चौघे कामाला लागतात. आपली बँक, भाजीवाल्या मावशींची बँक, दोघांची ॲपं. आणि या सगळ्यांच्या मधोमध यूपीआय चालवणाऱ्या मुंबईच्या एनपीसीआयची यंत्रणा. मावशी म्हणतात, “आवाज नाय आला.” आपण फोनचा पडदा त्यांच्या तोंडासमोर धरतो. त्या पडद्याकडे बघत नाहीत. पडद्यापेक्षा पैसे आल्याचं बोलून सांगणाऱ्या पेटीवर त्यांचा विश्वास जास्त. मागचं गिऱ्हाईक पिशवीने ढोसतं. आपण ‘स्टेटस’ बघतो. परत बघतो. मग खात्यातून गेले का, म्हणून शिल्लक बघतो. वीस रुपयांच्या एका व्यवहारामागे ‘झालं का?’ हा प्रश्न किती दिशांनी किती वेळा विचारला जातो, याचा हिशेब आपण कधी केला नाही.

एनपीसीआयला तो करावा लागला. १२ एप्रिल २०२५, शनिवार. देशभर यूपीआय अडखळलं, चहाच्या टपऱ्यांवर उधारीच्या वह्या पुन्हा उघडल्या. चौकशीअंती जे कारण पुढे आलं ते वाचून मी पेपर खाली ठेवला. पैसे पाठवणाऱ्यांची गर्दी हे कारण नव्हतंच. काही बँकांच्या यंत्रणा ‘आधीच्या व्यवहाराचं काय झालं?’ असं मध्यवर्ती यंत्रणेला सारखं विचारत राहिल्या, जुन्या व्यवहारांबद्दलही विचारत राहिल्या, आणि त्या विचारण्याच्या ओझ्याखाली यंत्रणा बसली. म्हणजे काम करून नव्हे, ‘झालं का?’ला उत्तरं देऊन ती दमली. ज्यांच्या घरी लग्नकार्य झालंय किंवा ज्यांचा साहेब दर अर्ध्या तासाने फोन करतो, त्यांना यंत्राबद्दल पहिल्यांदाच बंधुभाव वाटला असेल.

उपाय म्हणून विचारण्यावर लगाम आला. बँकांनी ठरावीक अंतर सोडूनच आणि मोजक्याच वेळा विचारावं, असा नियम झाला. शिवाय १ ऑगस्ट २०२५पासून एका ॲपवरून दिवसात पन्नासदाच शिल्लक बघता येईल, असंही ठरलं. यावर आमच्या कट्ट्यावर खळबळ माजली. पन्नासच? दिवसाला पन्नास वेळा शिल्लक बघणारा माणूस कट्ट्यावर एकही निघाला नाही, पण हक्क गेल्याचं दुःख सगळ्यांना सारखंच झालं. माझ्या मते एकोणपन्नास वेळा बघूनही शिल्लक वाढली नसेल, तर पन्नासावी वेळ वाया न घालवता माणसाने सरळ कामाला जावं.

माझी भाची हिंजवडीत अशाच सेवा चालू ठेवण्याच्या खात्यात आहे. तिच्या हुद्द्याचं नाव साईट रिलायबिलिटी इंजिनीअर. गूगलने २००३च्या सुमारास ही जमात जन्माला घातली आणि आता ती सगळीकडे आढळते. आठवड्याची पाळी लावून ही माणसं ‘ऑन-कॉल’ असतात. त्या आठवड्यात फोन उशाशी, लॅपटॉप खांद्याला. फोनमध्ये एक ॲप असतं, ते फोन ‘सायलेंट’वर असला तरी ठणाणा करतं, आणि पाच मिनिटांत ‘मी बघतेय’ असं कळवलं नाही तर तिच्या वरच्याला उठवतं. वरच्यानेही नाही उचललं तर त्याच्या वरच्याला. साहेबाला पहाटे तीन वाजता झोपेतून उठवायची अधिकृत सोय असलेली ही बहुधा एकमेव नोकरी.

तिच्या मावसभावाचं लग्न तिच्या पाळीच्या आठवड्यात आलं. मुहूर्त साडेबाराच्या आसपासचा. मंगलाष्टकं रंगात आली होती, शेवटच्या ओळीला ‘सावधान’ झालं, अक्षता उडाल्या आणि त्याच क्षणी तिचा फोन किंचाळला. भटजींनाही वाटलं, बँडवाल्यांनी नवीन काहीतरी आणलंय. ती शालू सावरत रुखवताच्या टेबलाकडे पळाली, कारण कार्यालयात प्लग तेवढा तिथेच. अनारसे, चिरोटे आणि साखरेचं तुळशीवृंदावन यांच्यामध्ये तिने लॅपटॉप उघडला. वरपक्षाकडच्या दोन बायका येऊन कौतुकाने बघून गेल्या. “बाई, लॅपटॉपसुद्धा दिला वाटतं,” असं एकीने दुसरीला सांगितलेलं मी ऐकलं. ती बातमी दुपारपर्यंत मुलाच्या आईपर्यंत पोचली, त्याचे परिणाम वेगळे.

तिच्या कंपनीची दुपारची कसलीशी सवलत उघडली होती. गिऱ्हाइकं तुटून पडली, सर्व्हर दमला, आणि ज्यांना उत्तर मिळालं नाही त्यांचं ॲप आपण होऊन दर सेकंदाला पुन्हा विचारत सुटलं.

“मग मोठा सर्व्हर घ्या की,” मी मामा या नात्याने सल्ला दिला.

“मामा, तू जरा तिकडे बघ,” ती पडद्यावरून नजर न काढता म्हणाली.

तिकडे म्हणजे जेवणाच्या हॉलकडे. अक्षता पडल्यापासून दोन मिनिटं झाली नव्हती आणि नवरा-नवरीला विसरून सगळं वऱ्हाड दाराशी जमलं होतं. हॉलमध्ये जागा दोनशेची, दारात माणसं पाचशे. आतले वाढपी मठ्ठ्याची किटली घेऊन उभे, पण दाराशी एवढी रेटारेटी की पानं रिकामी आणि माणसं उपाशी. दर मिनिटाला कुणीतरी आत डोकावून ‘झालं का?’ विचारत होतं, आणि प्रत्येकाला उत्तर देण्यात मॅनेजरचा वेळ जात होता, त्यामुळे होत नव्हतं. शेवटी मॅनेजर वैतागून ओरडला, “दहा मिनिटांनी या!” लोक गेले. बरोब्बर दहा मिनिटांनी पाचशेच्या पाचशे परत आले.

“आमचंही हेच होतं,” भाची म्हणाली. “नुसतं थांबा म्हणून भागत नाही. सगळे सारखेच थांबले तर सारखेच परत येतात. म्हणून पहिल्यांदा एक सेकंद थांबायचं, मग दोन, मग चार, मग आठ. आणि त्यात प्रत्येकाने आपल्या मनाचं थोडं कमी-जास्त करायचं. कुणी तीन, कुणी पाच. मग गर्दी आपोआप पांगते.”

इकडे तिने ॲपला असं मनाचं थांबायला लावलं. तिकडे वधूच्या आजोबांनी माईक हातात घेऊन वरपक्षाच्या आजीला नाव घ्यायचा आग्रह केला. आजींनी एकामागून एक उखाणे सुरू केले. काहीजण ऐकायला थांबले, काही पानाच्या ठेल्याकडे सरकले, काही फोटो काढायला स्टेजवर चढले, आणि दार मोकळं झालं. दोन्ही सर्व्हर एकदमच सुरळीत झाले. भाचीच्या कंपनीने याची नोंद ठेवली असेल. आजींची कुणी ठेवली नाही.

हे झालं घाईचं. आता दुसरी गोष्ट, चुकांची. इंजिनीअर ही माणसंच असल्याने ती चुकतात, आणि त्यांच्या चुकीला आपल्या चुकीसारखी घरातल्या घरात जिरायची सोय नसते.

४ ऑक्टोबर २०२१च्या रात्री आपल्याकडे नऊच्या सुमारास व्हॉट्सॲप, फेसबुक आणि इन्स्टाग्राम एकदम गप्प झाले. नेहमीच्या देखभालीत एक हुकूम सोडला गेला आणि त्याने कंपनीची सगळी डेटा सेंटरं एकमेकांपासून तुटली. असला हुकूम अडवायला एक पहारेकरी प्रोग्राम होता. त्याच्यातही दोष होता. मग पत्ता सांगणारे सर्व्हर ‘आपला डेटा सेंटरांशी संबंध नाही, म्हणजे आपणच बिघडलोय’ असं समजून इंटरनेटवरून स्वतःची पाटी काढून घेऊन बसले. दुरुस्तीची हत्यारंही त्याच जाळ्यावर चालायची, म्हणून तीही गेली. माणसं प्रत्यक्ष डेटा सेंटरवर पाठवावी लागली, आणि तिथली सुरक्षा इतकी कडक की आपल्याच घरात शिरायला वेळ लागला. आपल्याकडे पहाटेचे तीन वाजून गेले. त्या रात्री कित्येक घरांत नवरा-बायको एकमेकांशी बोलले आणि दोघांनाही दुसरा बराच बदललेला वाटला.

पण मला आवडतो तो शेवटचा भाग. सगळं दुरुस्त झाल्यावर त्यांनी कळ एकदम वर केली नाही. इतकी यंत्रं झोपल्याने विजेचा वापर कित्येक मेगावॅटने उतरला होता. सगळं जग एकाच क्षणी परत आलं असतं तर विजेपासून सगळंच पुन्हा बसलं असतं. म्हणून हळूहळू, एकेक करून. मोठ्या बिघाडाच्या ‘वादळी’ तालमी त्यांनी आधी केल्या होत्या, त्या तेव्हा उपयोगी पडल्या.

त्याच्या आधी, ३१ जानेवारी २०१७ला गिटलॅब कंपनीतल्या एका इंजिनीअरने रात्री उशिरा, थकलेल्या डोळ्यांनी, भलत्याच सर्व्हरवरचा डेटाबेस पुसला. एक-दोन सेकंदांत लक्षात आलं, तोवर ३०० जीबीतले साडेचार उरले होते. घाबरायचं कारण नव्हतं, कारण राखीव प्रती ठेवण्याच्या पाच वेगवेगळ्या सोयी होत्या. उघडून बघितलं तर पाचांपैकी एकही धड चालत नव्हती. आपल्याकडे एखाद्या लग्नात पाच काकांवर पाणक्याचं काम सोपवलं की जे होतं, तेच. सुदैवाने कुणीतरी सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी एक प्रत काढून ठेवली होती, तिच्यावर निभावलं. आणि हे निस्तरण्याचं काम कंपनीने यूट्यूबवर थेट दाखवलं. लोक रात्रभर बघत बसले.

त्याच वर्षी २८ फेब्रुवारीला ॲमेझॉनच्या साठवण सेवेत एकाने मोजके सर्व्हर बाजूला काढायचा हुकूम दिला. त्यातला एक तपशील चुकीचा टंकला गेला आणि नको तेवढे सर्व्हर निघाले. चार तासांहून अधिक काळ अर्ध्या इंटरनेटची वाचा गेली. ‘सेवा बंद आहे’ असं सांगणारं पानही त्याच सेवेवर उभं होतं, त्यामुळे ते बराच वेळ ‘सगळं ठीक आहे’ असंच सांगत राहिलं. सरकारी प्रवक्त्यांची आठवण झाल्यास माझा नाइलाज आहे.

आता यापुढचं ऐका, कारण इथे आपल्याला चक्कर येते. या माणसांची नावं कंपन्यांनी आपल्या अहवालांत छापली नाहीत. गिटलॅबच्या अहवालात त्या इंजिनीअरचा उल्लेख ‘टीम-मेंबर-१’ असा आहे. ॲमेझॉनने माणूस बदलला असं कुठे सांगितलं नाही. हत्यार बदलल्याचं सांगितलं. यापुढे सर्व्हर सावकाशच निघतील आणि ठरावीक संख्येच्या खाली निघणारच नाहीत, अशी तजवीज केली. या धंद्यात अपघातानंतर जी बैठक होते तिचा नियमच असा की ‘कोणी केलं?’ विचारायचं नाही; ‘करता कसं आलं?’ विचारायचं.

ही पद्धत आमच्या सोसायटीत आणायचा प्रयत्न झाला. टाकी भरून वाहिली होती. सचिवांनी सभेत भाचीचं ऐकून प्रस्ताव मांडला की पंप कुणी चालू ठेवला हे न विचारता, पंप आपोआप बंद का होत नाही याचा विचार करू. सभागृहात शांतता पसरली. मग तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त अधिकारी उठून म्हणाले, “ते सगळं ठीक आहे, पण चालू ठेवला कोणी?” सभा पूर्ववत झाली. पंपाचा तरंगता स्विच अजून बसलेला नाही, पण वॉचमन बदललाय.

मानवी स्वभावाचा इतका अभ्यास केल्यावर या मंडळींना मोबदला काय मिळतो? त्यांचं यश टक्क्यांत मोजतात आणि ते टक्के भलतेच कंजूष असतात. सेवा ९९.९ टक्के चालू म्हणजे वर्षात पावणेनऊ तास बंद. ९९.९९९ म्हणजे वर्षात सव्वापाच मिनिटं. आमच्या भागातली वीज हा कोटा पहिल्या वळवाच्या पावसातच संपवते आणि उरलेलं वर्ष निर्धास्त राहते. शुक्रवारी नवीन काही चढवायचं नाही, हा या धंद्यातला पाळणुकीचा वार आहे. त्याला अंधश्रद्धा म्हणायला मी जीभ उचलली होती, तोवर १९ जुलै २०२४ उजाडला. सुरक्षा सॉफ्टवेअर बनवणाऱ्या क्राउडस्ट्राइकच्या अपडेटची एक सदोष फाइल जगभर गेली, ८५ लाख विंडोज यंत्रं निळी पडली आणि आपल्या विमानतळांवर बोर्डिंग पास पेनाने लिहून द्यावे लागले. वार शुक्रवार. तेव्हापासून मी गप्प आहे.

आणि सगळं नीट पार पडलं, तर? १ जानेवारी २०००ला काय झालं आठवा. तारखेच्या दोन आकड्यांपायी जगाचे हिशेब कोसळणार म्हणून अब्जावधी डॉलर खर्चून वर्षानुवर्षं जुने प्रोग्राम तपासले गेले. आपल्याकडच्या हजारो मुलांनी डोळे फुटेपर्यंत कोबोल वाचलं. त्या रात्री जवळपास काहीच घडलं नाही, आणि सकाळी लोक म्हणाले, ‘बघा, उगाच बोभाटा केला होता.’

भाचीच्या वार्षिक मूल्यमापनाच्या फॉर्मात ‘या वर्षातली उल्लेखनीय घटना’ असा रकाना असतो. तिने प्रामाणिकपणे ‘घडू दिली नाही’ असं लिहिलं. तिला साधारण पगारवाढ मिळाली. शेजारच्या टीममधल्या ज्या मुलाने स्वतःच पाडलेली सेवा रात्रभर जागून उभी केली, त्याला सगळ्यांसमोर स्मृतिचिन्ह मिळालं. तिच्या आईचं म्हणणं, पोरीने चार लोकांना दाखवता येईल असं काहीतरी करावं. पोरीचं म्हणणं, पुढच्या वर्षी एखादी सेवा आपणही पाडून बघावी.

ती तसं करणार नाही, पण परीक्षा तरी कशाला बघा? तिच्या वतीने एवढीच विनंती करतो. पडद्यावर चकरी फिरायला लागली की बोट जरा आवरा. आवरत नसेल, आणि आपल्याला ते आवरत नाही हे त्यांनाही पाठ आहे, तर निदान शेजाऱ्याशी ठरवून घ्या. आधी त्यांनी अधीर व्हावं, मग आपण. एकदम नको.